डिफेन्समध्ये खेळणाऱ्या मुलाने कॉलेज कसं निवडावं?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका बाबांनी विचारलं आहे. मुलगा बारावीत, शाळेच्या (अमेरिकन) फुटबॉल टीममध्ये लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा, सहा फूट उंच, वजन ९३ किलो. समोर तीन पर्याय आहेत. दूरच्या राज्यातल्या एका एफसीएस कॉलेजने (डिव्हिजन १ या वरच्या गटातली दुसरी पातळी) स्कॉलरशिप देऊ केली आहे. एका मोठ्या युनिव्हर्सिटीने ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ म्हटलंय, म्हणजे टीममध्ये जागा, पण फी घरची. आणि अभ्यासासाठी नावाजलेलं एक डिव्हिजन ३ कॉलेज आहे, जिथे खेळाची स्कॉलरशिप मुळात नसतेच. आईचं म्हणणं, खेळ आता पुरे. पुण्याची आजी रोज फोनवर “डोकं सांभाळ रे” म्हणते. आणि बाबांचा शेवटचा प्रश्न असा: “डिफेन्सवाल्याला ना नाव, ना पैसा. मग यात करिअर ते काय?”

आधी मी कोण ते सांगते. मी कोच नाही, अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. इथे याचा जिमशी संबंध नाही. घोटे बांधणं, दुखापत ओळखणं, कोणी पडला की सगळ्यांत आधी मैदानात धावणं आणि “आज तू खेळणार नाहीस” हे सांगून शिव्या खाणं, हे माझं काम. कॉलेज फुटबॉलच्या साइडलाइनवर सतरा हंगाम काढलेत. मूळची सांगलीची, शाळेत कबड्डीत डावा कोपरा धरायचे. त्यामुळे माझा जीव डिफेन्सवाल्यांत अडकलेला आहे, हे आधीच कबूल करते. माझं मत त्या हिशेबाने घ्या.

घोळ ‘करिअर’ या शब्दानेच होतो. तुमच्या मनात कुठेतरी एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, आहे. हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणारी मुलं देशभरात दहा लाखांच्या घरात. एनएफएलच्या टीम कॉलेजमधून खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये २०२५ साली सात फेऱ्या मिळून निवडले गेले २५७, त्यात ऑफेन्स, डिफेन्स, किकर सगळे आले. कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएच्याच अंदाजाने कॉलेज संपवून ड्राफ्टला पात्र ठरणाऱ्यांतले शंभरात दोघंही निवडले जात नाहीत. आपल्याकडचं एक नाव आहे, ब्रँडन चिलार. वडील भारतीय, स्वतः लाइनबॅकर, यूसीएलएमधून २००४ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत निवडला गेला, आधी रॅम्सकडून आणि मग ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला. अभिमान जरूर बाळगा, पण त्यावर घराचं बजेट बांधू नका.

तुमच्या मुलाचं करिअर म्हणजे, आजवरच्या नियमाने, पाच वर्षांत खेळायचे चार हंगाम. पहिलं वर्ष बऱ्याचदा ‘रेडशर्ट’ म्हणून नुसतं सराव आणि वजन वाढवण्यात जातं. २०१८ पासून त्या वर्षात चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी हंगाम वाया जात नाही. म्हणून खरा प्रश्न वेगळा आहे: या पाच वर्षांत मुलगा कोणाच्या भरवशावर असणार? डिफेन्सवाल्याच्या बाबतीत हा प्रश्न चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपेक्षा जास्त टोचतो. का, ते सांगते.

नाव नाही हे खरंच. कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी १९३५ पासून दिली जाते. मुख्यतः डिफेन्समध्ये खेळून ती जिंकलेला एकच, मिशिगनचा चार्ल्स वुडसन, १९९७ साली. २०२४ ला कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाली, पण तो डिफेन्समधल्या कॉर्नरबॅकसोबत ऑफेन्सचा, चेंडू झेलणारा रिसीव्हरही खेळायचा. नोटर डेमचा लाइनबॅकर मँटाय टेओ २०१२ मध्ये दुसरा आला आणि तिथेच थांबला. हे बदलणार नाही, सोडून द्या.

आता खेळाकडे बघू. कबड्डीत चढाई कधी, कुठल्या बाजूने, किती खोल, हे चढाईवाल्याच्या डोक्यात असतं. कोपऱ्यातल्याला फक्त वाचायचं असतं. आमचे सर सांगायचे, डोळ्यांत बघू नकोस, डोळे खोटं बोलतात, कंबर बघ. लाइनबॅकरचं अगदी तेच. ऑफेन्सला खेळी माहीत, चेंडू कधी उचलायचा तो आकडा माहीत. याला काहीच माहीत नाही. हा बघतो समोरच्या गार्डकडे, म्हणजे ऑफेन्सच्या पुढच्या रांगेतल्या खेळाडूकडे. आमच्याकडे एक मुलगा होता, हंगामभर प्रत्येक गुरुवारी फिल्म रूममधून सरळ माझ्या टेबलावर घोटा बांधायला यायचा आणि मला शिकवायचा. गार्ड खाली वाकून हात जमिनीवर टेकवतो ना, ती बोटं बघायची. बोटांची टोकं दाबून पांढरी पडली असतील तर भार पुढे आहे, म्हणजे तो अंगावर येणार, रन (चेंडू घेऊन पळणार). हात हलका टेकलेला असेल तर तो मागे सरकणार, पास (चेंडू फेकणार). मी टेप गुंडाळत असताना तो माझ्या बोटांकडे बघत म्हणायचा, “आज तुम्ही रन.”

हे वाचन शिकता येतं, आणि मुलाकडे असेल तर ते कुठल्याही कॉलेजात उपयोगी पडतं. पण ते वापरायला मैदानावर जागा हवी. जागा ठरवते स्कीम, म्हणजे डिफेन्सची रचना, आणि स्कीम असते डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे डिफेन्स सांभाळणाऱ्या कोचच्या खिशात. जुन्या ४-३ रचनेत चार लाइनमन, तीन लाइनबॅकर. ३-४ मध्ये चार लाइनबॅकर, पण बाहेरचे दोघं क्वार्टरबॅकवर तुटून पडणारे, अंगाने मोठे. आणि आता ऑफेन्सवाले तीन-तीन, चार-चार रिसीव्हर पसरून उभे करायला लागल्यापासून बहुतेक कॉलेजं ४-२-५ खेळतात, म्हणजे मागे पाच जण आणि लाइनबॅकर दोनच. एका लाइनबॅकरची खुर्ची गेली. सहा फूट आणि ९३ किलोचा मुलगा एका रचनेत नेमका माणूस असतो, दुसऱ्या रचनेत ‘थोडा लहान’, आणि तिसऱ्या रचनेत त्याला सगळ्यांत मागे राहणाऱ्या सेफ्टीसारखं धावायला लावतात. मुलगा तोच, अंग तेच. भाव मात्र रचनेगणिक बदलतो.

आणि हे कोऑर्डिनेटर लोक एका जागी टिकत नाहीत. हंगाम चांगला गेला तर मोठ्या कॉलेजात जातात, वाईट गेला तर हाकलले जातात. ज्याच्या शब्दावर तुमचा मुलगा सही करेल, तो माणूस मुलाच्या तिसऱ्या वर्षी तिथे असेल यावर मी पाच डॉलरही लावणार नाही. माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगते. कॉलेजचं नाव सांगत नाही. एक मुलगा ९७ किलोचा आला, पाच वर्षांत त्याने तीन कोऑर्डिनेटर पाहिले. दुसऱ्याने सांगितलं एज म्हणून (टोकाला राहून क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा) खेळ, ११० किलो हो. तो झाला. रात्री दोनला गजर लावून पीनट बटर सँडविच खायचा. गुडघे बोलायला लागले, दर सकाळी माझ्याकडे बर्फ. तिसरा आला आणि म्हणाला, तू फार जड, १०२ वर ये. त्याच्या लॉकरवर माझ्याच पांढऱ्या टेपच्या तीन पट्ट्या एकाखाली एक चिकटवलेल्या होत्या: ९७, ११०, १०२. वरच्या दोन त्याने पेनाने खोडल्या होत्या. तो सिनियर झाला तरी सुरुवातीच्या अकरांत कधीच नव्हता, पण किकऑफ टीममध्ये, म्हणजे चेंडू लाथेने मारून खेळ सुरू होतो तेव्हा धावणाऱ्यांत, चारही वर्षं होता. आज तो शाळेत गणित शिकवतो, आणि गुडघे अजून कुरकुरतात.

यावर कोणी म्हणेल, कॉलेज बदलायला नाव नोंदवायचं ते ट्रान्स्फर पोर्टल आहे की. आहे, २०१८ पासून. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असाल तर कितीही वेळा, वर्ष न गमावता कॉलेज बदलता येतं. पूर्वी याची किंमत मोठी होती. पुढे एनएफएल गाजवलेला जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनमध्ये ऑफेन्सचा टाइट एंड होता. ती स्कॉलरशिप सोडून तो विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणून गेला, एक वर्ष बाहेर बसला, त्या काळात पिझ्झा पोचवायचा. मग डिफेन्समध्ये दोन हंगाम, आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये अकरावा. ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक रिक्रूटर ऐकवेल. पण दार दोन्हीकडून उघडतं. तुमचा अठरा वर्षांचा मुलगा वाट बघत बसलेला असताना कोच त्याच पोर्टलमधून तेवीस वर्षांचा तयार लाइनबॅकर आणतो. शिवाय डिव्हिजन १ मध्ये दुसऱ्या वर्षाअखेर डिग्रीचा ४० टक्के भाग, तिसऱ्या अखेर ६०, चौथ्या अखेर ८० टक्के पूर्ण लागतो. दोनदा कॉलेज बदललं की क्रेडिट गळतात, आणि मग इंजिनिअरिंग सोडून जे बसेल त्या विषयात डिग्री ओढावी लागते. हे मी वारंवार पाहिलंय.

वॉक-ऑनबद्दल स्पष्ट बोलते. जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या हाउस खटल्याची तडजोड कोर्टाने मान्य केली. त्यातून मोठ्या कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, स्कॉलरशिपवरची ८५ ची मर्यादा गेली, आणि बदल्यात फुटबॉलच्या पटावर १०५ जणांची मर्यादा आली. पूर्वी सव्वाशे मुलं सहज असायची. कापली गेली ती बहुतेक वॉक-ऑनच. तेव्हा ‘प्रिफर्ड’ हा शब्द आता पूर्वीइतका वजनदार राहिलेला नाही. ती युनिव्हर्सिटी फुटबॉल नसतानाही मुलाने निवडली असती, तरच तिचा विचार करा.

एफसीएसची स्कॉलरशिप पूर्ण आहे की भागलेली, तेही कागदावर बघा. तिथे एकूण ६३ स्कॉलरशिप ८५ मुलांत वाटण्याची पद्धत वर्षानुवर्षं होती, त्यामुळे ‘स्कॉलरशिप मिळाली’ म्हणजे कधी कधी निम्मीच असते. एक गोष्ट चांगली झाली: २०२४ पासून डिव्हिजन १ मध्ये खेळ घसरला किंवा दुखापत झाली म्हणून स्कॉलरशिप काढता येत नाही.

आता आजीचा मुद्दा. आजी चूक नाही.

नवीन लाइनबॅकरला मैदानावर पहिली संधी डिफेन्समध्ये मिळत नाही, किकऑफवर मिळते. चाळीस-पन्नास यार्ड पूर्ण वेगात धावायचं आणि तितक्याच वेगाने येणाऱ्या माणसावर आदळायचं. तुमच्या घराशेजारच्या रटगर्सचा एरिक लग्रँड डिफेन्सिव्ह टॅकल होता. १६ ऑक्टोबर २०१० ला आर्मीविरुद्ध किकऑफवरच टॅकल करताना त्याच्या मानेला इजा झाली आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. मी तेव्हा या धंद्यात नवी होते, तो व्हिडिओ आम्हाला प्रशिक्षणात दाखवायचे. मी एकदाच पाहिला. त्यानंतर नियम बदलत गेले. आयव्ही लीगने २०१६ मध्ये किकऑफ ४० यार्डांच्या रेषेवर नेला, म्हणजे चेंडू सरळ मागे जाऊन परत धावण्याचे प्रसंगच कमी होतात. दर हजार किकऑफमागे कन्कशन (डोक्याला धक्का बसून मेंदूला होणारी इजा) सुमारे ११ वरून २ वर आले. डोकं खाली घालून आदळणाऱ्याला ‘टार्गेटिंग’साठी २०१३ पासून मैदानाबाहेर काढतात. सराव सुधारला, टॅकल शिकवण्याची पद्धत सुधारली. तरी शून्य होत नाही. मेंदूचा सीटीई हा आजार माणूस गेल्यावरच खात्रीने निदान होतो, आणि त्याचा संबंध एका मोठ्या धक्क्यापेक्षा वर्षानुवर्षांच्या छोट्या धक्क्यांशी जास्त दिसतो. म्हणून मुलगा किती वर्षांचा असल्यापासून टॅकल खेळतोय, आधी किती कन्कशन झालेत, यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही ते लिहिलेलं नाही. दोन किंवा जास्त झाले असतील तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी न्यूरॉलॉजिस्ट गाठा.

मुलं खोटं बोलतात, हेही माहीत असू द्या. “आय अ‍ॅम गुड” हे मी ऐकलेलं सगळ्यांत मोठं खोटं. एकदा एक सेफ्टी उठला, चालत साइडलाइनला आला, माझ्याशी नीट बोलला, फक्त दुसऱ्या टीमच्या बाकाकडे जाऊन उभा राहणार होता. मी त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि त्यावर बसले. अक्षरशः बसले, कारण हेल्मेट हातात मिळालं की मुलगा मैदानात परत गेलाच म्हणून समजा. कोच माझ्यावर ओरडला. पुढच्या दिवशी माफीही मागितली, ते त्याचं भलेपण. आधीच्या एका कॉलेजात मात्र मला दबक्या आवाजात ‘इतकं ताणू नकोस’ असं सांगणारे लोक होते. मी तिथून निघाले. नियमाने वैद्यकीय शब्द ट्रेनर आणि डॉक्टरचाच अंतिम असतो. पण तिला नोकरीवर कोण ठेवतं आणि कोण काढू शकतं, हे विचारा. कोच असेल तर सावध राहा.

पैशाचं थोडक्यात. २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर, जाहिरातींतून कमावता येतं. पण मुलगा पालकांच्या वर्क व्हिसामागे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर असेल तर त्याला इथे काम करून कमावण्याची परवानगी नसते, आणि एकविसाव्या वर्षी तो व्हिसाही संपतो, मग विद्यार्थ्यांचा एफ-१ घ्यावा लागतो, ज्यात कॉलेजबाहेरच्या कमाईवर कडक बंधनं आहेत. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या कितीतरी घरांना हे कोणी सांगत नाही. सहीआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा, कोचच्या शब्दावर जाऊ नका. दुसरं, दुखापतीचं बिल पहिल्यांदा कोणाच्या विम्यावर पडतं, घरच्या की कॉलेजच्या, हे लेखी घ्या. २०२४ पासून एनसीएए खेळ संपल्यावरही दोन वर्षं खेळातल्या दुखापतींना विमा देते, पण तो वरचा थर आहे.

अभ्यास आणि डिफेन्स एकत्र जमतं का? मायरन रोल हे नाव शोधा. फ्लोरिडा स्टेटचा सेफ्टी. २२ नोव्हेंबर २००८ ला मेरिलंडविरुद्ध सामना आणि त्याच दिवशी बर्मिंगहॅमला ऱ्होड्स स्कॉलरशिपची मुलाखत. मुलाखत दिली, स्कॉलरशिप मिळवली, विमानाने येऊन सामनाही खेळला. ऑक्सफर्डहून परतल्यावर टेनेसी टायटन्सने सहाव्या फेरीत घेतला. एनएफएलमध्ये जम बसला नाही, आणि तो न्यूरोसर्जन झाला. ही गोष्ट आईला सांगा, आजीला तर नक्की सांगा. पण असा एखादाच, हेही सांगा. हंगामात नियमाने आठवड्याला वीस तास खेळाचे, आणि त्यात न मोजले जाणारे स्वतःहून बघितलेली फिल्म, फिजिओ, प्रवास धरले तर दुप्पट. प्रयोगशाळेचे तास दुपारी असलेले विषय सरावाशी टक्कर घेतात. मुलाला कुठला विषय घ्यायचाय ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर निम्मं त्यावर आहे.

तर माझा कल. एफसीएसची स्कॉलरशिप खरोखर पूर्ण असेल, हवा तो विषय तिथे असेल आणि त्या टीममधल्या लाइनबॅकरांना तो विषय घेऊ दिलेला दिसत असेल, तर ती पहिली. इंजिनिअरिंग किंवा प्री-मेड ठाम असेल आणि फी झेपत असेल, तर डिव्हिजन ३ बिनदिक्कत. तिथे मुलगा पहिल्या-दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष डिफेन्समध्ये खेळेल, बाकावर बसणार नाही, आणि फुटबॉल सोडायचं ठरवलं तरी काही हातचं जाणार नाही. वॉक-ऑन शेवटी. आईचा ‘खेळ पुरे’ हा चौथा पर्यायही खुला ठेवा. मुलाने तो स्वतः निवडला तर त्यात हार नाही.

जाता जाता एक गंमत. कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ ला तुमच्या एडिसनच्या शेजारी न्यू ब्रन्सविकला झाला, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन, ६-४. तेव्हा चेंडू हातात घेऊन पळायचं नव्हतं, हेल्मेट तर नव्हतंच.

कॉलेज बघायला जाल तेव्हा ते तुम्हाला चकचकीत लॉकर रूम दाखवतील, जर्सी घालून फोटो काढतील. काढू द्या. मग गेल्या सहा वर्षांत डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर किती बदलले ते विचारा. सोबत दिलेल्या स्टार खेळाडूशी बोलून झालं की डेप्थ चार्टवर (जागेनुसार खेळाडूंची क्रमवारी) तिसऱ्या नंबरच्या लाइनबॅकरला पाच मिनिटं मागा, आणि त्याला विचारा की तू कुठला विषय घेतलास आणि कुठला घ्यायचा होता. शेवटी ट्रेनिंग रूममध्ये जा. तिथे जी कोणी असेल तिला विचारा, ऑगस्टच्या सरावात बर्फाच्या पाण्याचा टब कुठे ठेवता? उष्माघातात पोराला हॉस्पिटलात न्यायच्या आधी त्या टबात बुडवायचं असतं, पहिल्या काही मिनिटांत. ती विचार न करता खिडकीतून हात करून जागा दाखवायला लागली, तर अर्धा तास तिच्याशीच बोलत बसा. ती कोचला शोधायला गेली, तर गाडीत बसा.